वावरातलं काम सरलं की कुठं जाता? आमचं यंदाचं फिरणं : नाटक, तारांगण, सिनेमा, वॉटर पार्क

पऱ्हाटीवाला | १९ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. हिंगणघाटपासून आत आमचं गाव. वावरात कापूस, तूर, थोडं सोयाबीन. दिवाळीपासून आतापर्यंत आम्ही घरचे पाच जण चारदा फिरायला निघालो. आमच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं. वडील होते तोवर घर सोडायचं ते लग्नाला, तेरवीला, नाहीतर शेगावले.

यंदा निघालो त्याचं कारण आई. गेल्या पोळ्यानंतर तिच्या एका डोळ्याचं आणि महिन्याभरानं दुसऱ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरी पट्टी निघाली त्या सांजेला ती ओसरीत बसून समोरच्या कडुनिंबाकडं कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "पानं सुटी सुटी दिसून ऱ्हायली रे. आता दिसते तं काही दाखव मले." आई सदुसष्ट वर्षांची आहे आणि गुडघे दुखतात. तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

पहिलं दाखवलं ते नाटक. माझी सासुरवाडी ब्रह्मपुरीकडं. भाऊबीज झाली की तिकडं गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, दंडारीचा नाच, पाहुणे, आणि रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे या पूर्व विदर्भाच्या झाडीच्या मुलखातलं, नाटक. रात्री दहाला सुरू झालं ते पहाटे चारला पडदा पडला. आई थकेल म्हणून मी दोनदा विचारलं, घरी जायचं का. तिनं हातानंच गप्प केलं. आम्ही मंचाच्या जवळ बसलो होतो, पेटी-तबल्याच्या मागं तिसऱ्या ओळीत. एका प्रवेशात लेक बापाच्या दारातून निघते. आई मला कोपर मारून म्हणाली, "तिच्या डोयात खरंच पाणी हाय पाह्य." ऑपरेशनच्या आधी तिला मंचावर माणूस उभा आहे एवढंच कळलं असतं. माझ्यासाठी त्या रात्रीचं नाटक तेवढंच होतं आणि ते पुरलं.

दुसरं, जानेवारीत नागपूर. कापसाचा दुसरा वेचा झाला होता, मजूर दोन दिवस दुसऱ्याच्या वावरात होते, तेवढ्यात निघालो. बुटीबोरीहून वर्धा रोडनं खापरीला गेलो, गाडी तिथं लावली आणि मेट्रोत बसलो. पोरगी पाचवीत आहे, तिनं काचेला लावलेलं नाक सीताबर्डीपर्यंत काढलं नाही. सीताबर्डीला लाइन बदलून पुढचं स्टेशन कॉटन मार्केट. माझे आजोबा बैलबंडीनं कापूस नेत, त्यांच्या गोष्टींत हे नाव सतत यायचं. तिथून रमण विज्ञान केंद्र जवळच. केंद्र १९९२ पासून आहे, म्हणजे माझ्या शाळेच्या काळातही होतं, पण आमची सहल तिथवर कधी गेली नाही. मुलगा आठवीत आहे. तो आरसे, लंबक, विजेचे प्रयोग यांत रमला, त्याला तिथून ओढून काढावं लागलं.

तारांगणात अंधार झाला, वर घुमटावर आकाश उघडलं, आणि सप्तर्षी आले तशी आई मोठ्यानं बोलली, "हे तं बुढीचं खाटलं!" आजूबाजूच्या शहरातल्या पोरांनी वळून पाहिलं. मग ती त्यांना सांगू लागली, हे चार म्हणजे खाटलं, मागचे तीन चोर. रात्रीच्या ओलिताला जायची तेव्हा याच खाटल्यावरून पहाट किती दूर आहे ते ती ओळखत असे. गेली सात-आठ वर्षं तिला चांदणीच दिसली नव्हती, हे तिनं घरी आल्यावर सांगितलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरं सिनेमा. तूर विकली त्या आठवड्यात, मार्चमध्ये. मराठी सिनेमा पाहायचा असं ठरवून गेलो तर त्या मल्टिप्लेक्समध्ये त्याचा दिवसाला एकच खेळ, दुपारी पावणेबाराचा. खेड्यातून येणाऱ्यानं त्यासाठी सकाळी सातला घर सोडायचं. मला याचा राग आहे. लोक येत नाहीत म्हणून खेळ लावत नाही म्हणतात, आणि खेळ अशा वेळी लावतात की लोकांनी येऊ नये. आईनं याआधीचा सिनेमा जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. खाली पोतं अंथरायचं, मधोमध दोर, इकडं बाया तिकडं माणसं, आणि रीळ बदलेपर्यंत सगळ्या तंबूत गलका. इथं खुर्चीत बसल्यावर थंडीनं तिनं शाल काढली. सरकत्या जिन्याजवळ ती थांबली तेव्हा एका शिकणाऱ्या मुलीनं न सांगता तिचा हात धरला आणि वरपर्यंत नेलं. त्या मुलीचं नावही विचारायचं राहिलं. ती हे वाचत असेल तर तिला आमचा नमस्कार.

चौथं, परवाचं वॉटर पार्क. हे पोरांसाठी. ऊन असं की दहा वाजताच डांबर नरम. पोरांनी दिवसभर मजा केली, लाटांच्या तलावाचा भोंगा वाजला की दोघंही धावत सुटायची. पण सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत. आई लुगड्यात, बायको सुती सलवारमध्ये. भाड्याचे नायलॉनचे कपडे घालायला बायको तयार झाली, आई कशी होणार? पूर्ण तिकीट काढून ती दिवसभर टिनाच्या शेडखाली बसली. घरचा डबा फाटकावरच ठेवून घेतला. हे सगळं आधी फोन करून विचारायला हवं होतं, ते मी केलं नाही. परत येताना आई म्हणाली, "पोट्ट्यायले पाहून मन भरलं माहं." तरी मला ते लागलं.

परवापासून अधिक महिना लागला, लग्नं थांबली. नांगरट झाली, वखरणी चालू आहे. मृग लागायच्या आत एक फेरी अजून होईल. आईला चालवेल, ऊन कमी लागेल, आणि तिनं कधी पाहिलं नसेल असं काही सुचवा. आणि तुम्ही यंदा कुठं गेलात तेही लिहा.

---

वैनगंगाकाठ | १९ मे, रात्री १०:२५

भाऊ, तुमच्या मायचं वाक्य वाचून मले आमच्या गावची मंडई आठवली. मी वडशाकडचा. नाटक कंपन्यायचं गाव म्हणजे वडसा, म्हणजे देसाईगंज. दिवारी झाली का तिथं तारखा बुक कराले मंडळायची रांग लागते आन होरीपर्यंत एक रात रिकामी राहत नाही. जुन्या पद्धतीनं नाटकासाठी जमीन खोदत. लोक खोल जागेत बसत आन निघालेल्या मातीचाच मंच. म्हणून मागच्यालेही दिसे.

परशुराम खुणे यायले २०२३ मधी पद्मश्री भेटली तवा आमच्या इकडं लोकायनं घरच्यासारखा आनंद केला. झाडीपट्टीच्या नटाले दिल्लीत बोलावलं, हे आमच्या बापजाद्यायनं पाह्यलं नव्हतं.

पुढच्या साली शंकरपट, म्हणजे बैलायची शर्यत, असन त्या गावची मंडई पाहा. दिवसा पट, राती नाटक, तोच खरा मेळ. २०१४ मधी सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली तवा पट बंद पडले, तसं काही गावचं नाटकही बसलं. काऊन का पाहुणे पटासाठी येत आन नाटकासाठी थांबत. डिसेंबर २०२१ मधी परवानगी भेटली, मे २०२३ मधी घटनापीठानंही कायदा मान्य केला, आता पुन्हा गर्दी होते.

---

कोरडवाहू | २० मे, सकाळी ७:१०

आईंबद्दल जे लिहिलं ते मनापासून आवडलं. पण वॉटर पार्कबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. माझ्या गावात एप्रिलपासून टँकर येतो. माझी बहीण दोन हंडे पाण्यासाठी पहाटे चारला रांगेत उभी राहते. आणि त्याच जिल्ह्यात लोक पाण्यात नाचायला पैसे देतात. मला ते पाहवत नाही. तुम्हाला दोष देत नाही, पोरांना हौस असते. पण हे पाणी कुठून येतं ते विचारायला हवं.

---

नळजोडणी | २० मे, सकाळी ९:३०

मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे म्हणून लिहितो. अशा पार्कात रोज नवं पाणी भरत नाहीत. तेच पाणी पंपानं वाळूच्या गाळणीतून फिरवतात, क्लोरीन टाकतात आणि पुन्हा सोडतात. लाटांच्या तलावात मागच्या भिंतीआड हवेच्या कोठड्या असतात. पंख्यानं हवा दाबली की पाणी ढकललं जातं, सोडली की मागं येतं, त्याची लाट होते. सुती कपड्यांची मनाई त्याच गाळणीमुळं. सुताचे तंतू सुटतात आणि गाळणी तुंबते.

पण कोरडवाहू यांचं म्हणणं यानं खोटं ठरत नाही. आपल्याकडं मे महिन्यात उघड्या पाण्याची वाफ खूप होते, शिवाय घसरगुंड्यांवरून उडणारं, गाळणी धुताना वाया जाणारं पाणी असतं. तेवढं रोज भरावंच लागतं. ते विहिरीचं की बोअरचं, आणि शेजारच्या गावाच्या विहिरीवर त्याचा काय परिणाम होतो, हे ग्रामपंचायतीनं विचारलं पाहिजे. पावसाचं पाणी साठवून वापरत असतील तर माझी हरकत नाही.

---

कोरडवाहू | २० मे, दुपारी १:०५

धन्यवाद. तेच पाणी फिरतं हे माहीत नव्हतं. तरी मी जाणार नाही. बहिणीला काय सांगू?

---

वर्धेचीलेक | २० मे, दुपारी ३:४५

दादा, चारही सहलींत आई काय म्हणाली ते लिहिलंत, पोरांनी काय केलं ते लिहिलंत. वहिनींनी काय पाहिलं? पाच जणांचा डबा पहाटे उठून कुणी केला? फाटकावर तोच डबा ठेवून घेतला तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

मी रागानं विचारत नाही. माझ्या घरीही असंच होतं. सहलीला गेलो तरी भाकरी मीच बांधते, पोराच्या मागं मीच धावते, आणि घरी आल्यावर भांडी माझी वाट पाहत असतात. मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून आम्ही गावातल्या सहा जणी वर्षातून एकदा आपल्याच निघतो. यंदा सेवाग्रामला बापूकुटी पाहून पवनारला धाम नदीच्या काठी बसलो. कुणी काही रांधलं नाही. वर्धेत गोरसपाक घेतला, आलूबोंडे खाल्ले, आणि दिवसभर कुणालाही 'पाणी आण' म्हणावं लागलं नाही की कुणी आम्हाला म्हणालं नाही.

---

पऱ्हाटीवाला | २० मे, रात्री ८:५०

ताई, तुमचं वाचून मी मोबाइल तिच्याच हातात दिला. खालचं तिनं लिहिलं आहे.

"नमस्कार. मी यांची बायको. डबा मी केला होता, साडेतीनला उठून. पुरी, भेदऱ्याची म्हणजे टमाट्याची चटणी आणि सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी. फाटकावर ठेवून घेतला तेव्हा वाईट वाटलं, कारण आत जे विकत घेतलं ते सासूबाईंना तिखट लागलं. पण मी वॉटर पार्कात पोहले. लहानपणी वैनगंगेत पोहायची, लग्नानंतर पंधरा वर्षं पाण्यात गेले नव्हते. पोरीला मी तिथं उलटं पोहून दाखवलं. तिला माहीतच नव्हतं आपल्या मायला पोहता येते. सिनेमात मी झोपून गेले होते, खुर्ची मऊ होती. पुढच्या वेळी डबा नको, एवढंच म्हणणं आहे."

मला हे दोन्ही माहीत नव्हतं. पोहणंही आणि झोपणंही.

---

वर्धेचीलेक | २० मे, रात्री ९:१५

वहिनी, पुढच्या वर्षी आमच्यासोबत चला. खरंच सांगते.

---

नागपूरची_मावशी | २१ मे, सकाळी ११:००

सिनेमाबद्दल एक कामाची गोष्ट. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर १८. म्हणून जिथं एक पडद्याचं जुनं थिएटर अजून चालू आहे तिथं पाच जणांच्या घराला मोठा फरक पडतो. तालुक्याच्या गावी असं थिएटर उरलं असेल तर तिथंच जा, ते जगायला हवं.

नागपूरला पुन्हा याल तेव्हा मोतीबागचं नॅरोगेज रेल्वेचं संग्रहालय मुलांना दाखवा. यवतमाळ, अचलपूरकडच्या म्हाताऱ्यांना शकुंतला ही नॅरोगेज गाडी आठवते, त्यांना तर नक्कीच. गोरेवाडा प्राणिसंग्रहालयातली सफारी बसमधून आहे, आईंना चालावं लागणार नाही. पण मेमध्ये नको, थंडीत.

---

मोहफुल | २१ मे, रात्री ८:२०

कुणीतरी ताडोबा सुचवेलच म्हणून आधीच लिहितो. आमचं गाव बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात आहे. बाहेरचे लोक वाघ दिसावा म्हणून देवाला हात जोडतात, आम्ही दिसू नये म्हणून जोडतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बाया मोहफुलं वेचायला वाकलेल्या असतात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला. वाकलेलं माणूस वाघाला जनावरासारखं दिसतं. आमच्या शेजारच्या घरातली बाई अशीच गेली.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझा पुतण्या गाइड आहे, त्याचं घर त्यावर चालतं. जरूर या. पण आलात तर गावातल्या माणसाकडं मुक्काम करा, त्याच्या हातचं जेवा आणि सांजेला त्याच्या ओसरीत बसून ऐका. मंगळवारी सफारी बंद असते आणि पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, बंद. हे पाहून ठरवा.

---

पुण्यातला_वऱ्हाडी | २२ मे, रात्री ११:४०

दोन दिवसांपासून हा धागा वाचतो आहे. आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये आता मंगल कार्यालय आहे, लहान भावाचं लग्न तिथंच झालं. ज्या भिंतीवर पडदा होता तिथं नवरदेव-नवरीच्या खुर्च्या होत्या आणि मी सारखा मागं वळून प्रोजेक्टरची खिडकी शोधत होतो. बुजवलेली होती, पण चौकोन ओळखू येत होता. गणपतीत भाड्यानं टीव्ही-व्हिडिओ आणून रात्रभर तीन सिनेमे लावायचे, तेही आठवलं.

इथं मी दर शनिवारी कुठंतरी जातो. आई गावी एकटी असते. तिच्या डोळ्यांची तपासणी शेवटी कधी झाली ते मला आठवेना. आज फोन करून विचारलं. "दिसते रे, काम भागते" म्हणाली. पुढच्या आठवड्यात जातो आहे.

---

सातपुडा | २३ मे, सकाळी ६:३०

पऱ्हाटीवाले भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चिखलदरा. समुद्रसपाटीपासून १११८ मीटर. खाली परतवाड्यात अंगाची लाही होत असते तेव्हा वर रात्री चादर लागते. अमरावतीहून परतवाडा, तिथून घाट. घाट वळणाचा आहे, आईंना पुढच्या सीटवर बसवा आणि सकाळी फार खाऊ घालू नका.

आता खरं सांगतो. मेमध्ये धबधबे कोरडे असतात, फोटोत पाहून जाणारे हिरमुसतात. भीमकुंडाची दरी पाहा, पण पाणी शोधू नका. गाविलगड किल्ला मोठा आहे, १८०३ मध्ये भोसल्यांकडून इंग्रजांनी जिंकला तो हाच. आईंच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही, त्यांना देवी पॉइंटजवळ सावलीत बसवून तुम्ही पोरांना घेऊन एक चक्कर मारा. आणि कॉफीची झाडं दाखवा. महाराष्ट्रात कॉफी इथंच होते. कास्तकाराच्या घरच्या बाईला नवं पीक दाखवण्यासारखं दुसरं काही नाही. गवळ्यांकडची रबडी सोडू नका. शनिवार-रविवार टाळा.

---

पऱ्हाटीवाला | ६ जून, रात्री ९:१०

जाऊन आलो. सातपुडा भाऊ, तुमचे उपकार. मंगळवारी निघालो, एक रात्र राहिलो. डबा केला नाही, परतवाड्यात नाश्ता केला आणि वर मुक्कामाच्या ठिकाणीच जेवलो.

घाट चढताना आईनं खिडकी उघडी ठेवायला लावली. देवी पॉइंटवर ती कठड्याला धरून उभी राहिली. खाली दरी, पलीकडं एकामागं एक डोंगर. बराच वेळानं तिनं विचारलं, "ह्या डोंगराच्या मांगं काय हाय?" मी म्हटलं, अजून डोंगर, मग मध्य प्रदेश. सदुसष्ट वर्षं तिनं सपाट वावर पाहिलं, धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत. ती तिथून हलायला तयार नव्हती. मी किल्ल्यावर गेलोच नाही, पोरांना त्यांची माय घेऊन गेली. मी आईजवळ बसलो.

कॉफीचं झाड मात्र तिनं पाहिलं नाही, तपासलं. पान उलटं करून मागं मावा आहे का ते बघितलं. फांदीला चिकटलेल्या हिरव्या फळांना बोंडं म्हणाली. वरच्या मोठ्या झाडांची सावली पाहून म्हणाली, "सावलीत पीक येते हे मी पह्यल्यांदा पाह्यलं." मग तिथल्या माणसाला विचारलं, वेचा किती वेळा होतो, मजुरी काय, भाव कोण ठरवतं. भावाचं उत्तर ऐकून तिनं माझ्याकडं पाहिलं. आमच्या कापसाचंही तेच आहे.

रात्री चादर लागली. पोरीनं आजीकडून बाहेर अंगणात बुढीचं खाटलं शोधून घेतलं, या वेळी खऱ्या आभाळात. तीन चोर ती स्वतः मोजत होती.

वर्धेची लेक ताई, हिचा नंबर तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवला आहे. पुण्याचे भाऊ, तुमच्या आईची तपासणी झाली का ते कळवा.

काल सांजेला वळवाचा पाऊस झाला, वावराचा वास घरात आला. बियाण्याच्या पिशव्या आणायला उद्या सकाळी हिंगणघाटला जातो. आईनं सोबत यायचं म्हटलं आहे, बाजार पाहायला.